घरचा लादी पाव गच्च होतो, फुगत नाही: नाशिकच्या हवेत काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

नाशिकमध्ये घरी पाव करणाऱ्यांच्या तक्रारीला ऋतू असतो. दिवाळी सरली की "पीठ फुगतच नाही, पाव विटेसारखा होतो" हे ऐकू यायला लागतं आणि ते शिवरात्रीपर्यंत चालतं. एप्रिल-मे मध्ये तेच लोक, तीच कृती आणि तक्रार उलटी: "छान फुगला होता, ओव्हनमध्ये जाऊन बसला." निदानाची सुरुवात इथूनच करावी. ओव्हनला डिसेंबर-मे कळत नाही. बिघाड ऋतूप्रमाणे बदलत असेल तर त्याचं मूळ बहुतेक वेळा ओव्हनच्या आधी, परातीत आणि ओट्यावर असतं. तरीही बहुतेक जण आधी ओव्हनवर संशय घेतात, थर्मोस्टॅट बदलायला निघतात, नाहीतर यीस्ट दुप्पट घालतात.

आणखी एक गैरसमज आधीच बाजूला ठेवू. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणून इथे पाव नीट होत नाही असं काही जण सांगतात. एवढ्या उंचीने घरच्या पावावर जाणवेल असा परिणाम होत नाही. उंचीसाठी कृती बदलायची वेळ साधारण ९००-१००० मीटरच्या पुढे येते. इथे खेळ करतं ते तापमान. कृतीत "एक तास झाकून ठेवा" लिहिलेलं असतं तेव्हा लिहिणाऱ्याचं स्वयंपाकघर २८-३० अंशांचं असतं. मुंबईत ते जवळजवळ वर्षभर खरं असतं. नाशिकला जानेवारीत पहाटेचा पारा १० च्या खाली उतरतो, निफाडकडे त्याहूनही खाली जातो, आणि घरातला ओटा सकाळी १५-१८ अंशांवर असतो. त्या ओट्यावर एक तास म्हणजे पिठाच्या दृष्टीने अर्धाही तास नव्हे.

आधी लक्षणं बघा

पाव पूर्ण गार झाल्यावर मधोमध फाडा, कापू नका. सुरीने जाळी दबते आणि चुकीचं चित्र दिसतं.

– आत बारीक, दाट जाळी, बोटाने दाबल्यावर खड्डा तसाच राहतो, हातात जड लागतो: पीठ कमी फुगलं, कमी मळलं किंवा घट्ट होतं.
– बाजूने किंवा जोडावर आडवा फाटला: दुसरं फुगणं, म्हणजे गोळे वळून टिनात ठेवल्यावरचं, अपुरं राहिलं.
– वर सुरकुत्या, माथा सपाट, आंबूस किंवा दारूसारखा वास: जास्त फुगवला.
– वरून खरपूस, खाली पांढरा. किंवा तळाला ओलसर, चिकट पट्टा: ओव्हनची खालची उष्णता, टिन, किंवा भाजल्यावर पाव टिनातच राहिला.
– सगळीकडून पांढराफटक आणि तरी साल कडक: ओव्हन कमी तापलेला, म्हणून पाव जास्त वेळ आत राहिला आणि वाळला.
– त्या दिवशी बरा, दुसऱ्या दिवशी चुरा: पाणी कमी, किंवा भाजणं जास्त.
– यीस्टचा उग्र वास: यीस्ट जास्त घातलं किंवा फार उबेत घाईने फुगवलं.

मिसळीसोबत खायचा पाव कसा हवा ते ध्यानात ठेवा. मूठभर दाबला तर परत वर यावा, आणि काळ्या मसाल्याच्या रश्श्यात बुडवल्यावर रस्सा प्यावा पण वाटीत विरघळू नये. पहिल्यासाठी नीट फुगणं लागतं आणि दुसऱ्यासाठी नीट मळणं. दोन्हींपैकी काय हुकलं ते रश्श्यात लगेच कळतं.

पुढच्या तपासण्यांसाठी हे माप गृहीत धरलं आहे: मैदा ५०० ग्रॅम, पाणी आणि दूध मिळून ३२५ मिलि, इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, लोणी ३० ग्रॅम. यातून साधारण ५५ ग्रॅमचे १६ पाव होतात. तपासण्या स्वस्त आणि सोप्या आहेत त्यांपासून लावल्या आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून पाव चांगला झाला, तरी पुढच्या वेळी काय सांभाळायचं ते कळत नाही.

१. वाटी बाजूला, काटा घ्या

वाटी पिठात बुडवून भरली आणि चमच्याने हलक्या हाताने भरली, तर एकाच मापाच्या कपात १२० पासून १५० ग्रॅमपर्यंत मैदा बसतो. चार कपांत हा फरक १०० ग्रॅमच्या वर जातो. पाणी तेवढंच राहिलं तर पीठ घट्ट होणारच. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा या सगळ्या यादीतली सर्वांत उपयोगी खरेदी आहे. काटा घेतल्यावर बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

यीस्ट आणि मीठ मात्र साध्या काट्यावर नीट मोजले जात नाहीत, कारण ५-६ ग्रॅमला त्यांचा काटा डळमळतो. सपाट चहाचा चमचा इन्स्टंट यीस्ट म्हणजे ३ ग्रॅम, आणि बारीक मीठ ५ ते ६ ग्रॅम, हे धरून चाला. मीठ दीड चमच्याच्या वर नको. मीठ जास्त झालं की यीस्ट मंदावतं. साखरेचंही तसंच. मैद्याच्या एक दशांशापेक्षा साखर वर गेली की फुगण्याला वेळ लागतो, म्हणून गोड पावाची कृती आणि मिसळीच्या पावाची कृती एकमेकींत मिसळू नका.

२. यीस्ट जिवंत आहे का

१०० मिलि कोमट पाणी, एक चमचा साखर, एक चमचा यीस्ट. ढवळून १० मिनिटं झाकून ठेवा. वर फेसाचा जाड थर आला तर यीस्ट ठीक. नुसते चार बुडबुडे आले तर पाकीट टाकून द्या, "थोडं जास्त घालू" म्हणून वाचवू नका. मेलेल्या यीस्टने पिठाचा वास बिघडतो आणि मळण्याची मेहनत वाया जाते.

पाणी किती कोमट असावं, यावर नेहमी घोळ होतो. ३८ ते ४० अंश योग्य. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर जेमतेम ऊब लागावी. "हाताला सोसवेल इतकं गरम" हे माप धोक्याचं आहे, कारण गरम तव्याजवळ वावरणाऱ्या हातांना ५० अंशही सोसवतात, आणि ५५-६० अंशांच्या आसपास यीस्ट मरतं. थंडीत बिचारं पीठ गार आहे म्हणून कढत पाणी ओतलं जातं आणि बिघाड तिथेच होतो.

इन्स्टंट यीस्ट थेट मैद्यात मिसळता येतं. दाणेदार (ॲक्टिव्ह ड्राय) यीस्ट मात्र आधी पाण्यात भिजवावंच लागतं, नाहीतर दाणे तसेच राहतात. पाकिटावर कोणतं आहे ते वाचा, दोघांचा रंग सारखाच असतो. सुटं यीस्ट घेताना दुकानदाराने मोठं पाकीट कधी फोडलं ते विचारा. उघडं पाकीट नाशिकच्या मे महिन्यात फडताळात राहिलं तर काही आठवड्यांत निकामी होतं. घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजरमध्ये ठेवलं तर ४ ते ६ महिने चालतं.

३. पिठाचं तापमान

सगळ्यात जास्त पाव इथे बिघडतात, आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात. मळून झालेल्या पिठाच्या गोळ्याच्या मधोमध थर्मामीटर खुपसा. २६ ते २८ अंश हवेत. जानेवारीत गार मैदा, गार परात आणि नळाचं पाणी यांनी मळलेलं पीठ १८-१९ अंशांवर भरतं. यीस्टच्या कामाचा वेग तापमान ८-१० अंशांनी उतरला की साधारण निम्मा होतो. म्हणजे २७ अंशांवर सव्वा तासात दुप्पट होणारं पीठ १८ अंशांवर अडीच-तीन तास घेतं. कृतीतला एक तास भरला म्हणून गोळे वळायला घेतले की पाव गच्च होणार हे ठरलेलंच.

थंडीत असं करा. मैदा रात्रभर बाल्कनीच्या बाजूच्या कपाटात असेल तर आदल्या रात्रीच आत आणून ठेवा. परात कोमट पाण्याने विसळून पुसून घ्या. स्टीलची गार परात पिठातली ऊब चटकन ओढून घेते. पाणी ३८-४० अंशांचं घ्या. मळून झाल्यावर पीठ बंद ओव्हनमध्ये ठेवा आणि खालच्या जाळीवर लिटरभर उकळतं पाणी घातलेलं पातेलं ठेवा. वीज लावायची नाही. आत ३०-३२ अंश होतात. ४० मिनिटांनी पाणी बदला. ओव्हन "जरा गरम करून बंद" करण्याची युक्ती टाळा. आत किती तापलंय ते कळत नाही, भिंती तापलेल्या राहतात आणि पिठाची कड शिजू लागते. ३५ अंशांच्या वर लोणी सुटायला लागतं आणि उग्र वास येतो.

एक अडचण कृतींमध्ये सहसा लिहिलेली नसते. दुसऱ्या फुगण्याच्या वेळी ओव्हन तर तापत ठेवायचा असतो, मग टिन कुठे ठेवायचं? तापायला लागणारी १५-२० मिनिटं टिन गार ओट्यावर राहिलं तर आतापर्यंत आलेली ऊब जाते. थर्माकोलचा खोका किंवा मोठं झाकणाचं पातेलं घ्या, त्यात गरम पाण्याची वाटी आणि टिन दोन्ही ठेवा. आडगाव, मखमलाबाद, गंगापूर रोडच्या मोकळ्या बाजूला, जिथे शेतं आणि द्राक्षबागा जवळ आहेत, तिथे जुन्या नाशिकपेक्षा रात्री अधिक गार असतात. तिकडच्या घरांत या खोक्याशिवाय जानेवारीत चालत नाही.

थंडीवर उपाय म्हणून यीस्ट वाढवायचं असेल तर फार तर पावपट वाढवा, ६ चं साडेसात ग्रॅम. त्याहून जास्त घातलं तर पाव वेळेत फुगतो पण वास जात नाही. मला विचाराल तर थंडीशी भांडण्यापेक्षा तिचा उपयोग करून घेणं केव्हाही चांगलं. यीस्ट दीड ग्रॅमवर, म्हणजे अर्ध्या चमच्यावर आणा, साधं नळाचं पाणी घ्या, रात्री ९-१० ला मळा आणि झाकून ओट्यावर ठेवा. १६-१७ अंशांवर सकाळपर्यंत पीठ दुप्पट होतं. रविवारी सकाळी मिसळीला ताजा पाव हवा असेल तर याहून सोपा मार्ग नाही, आणि सावकाश आंबल्यामुळे चवही वरचढ येते.

उन्हाळ्यात हेच सगळं उलटं. एप्रिल-मे मध्ये पारा ४० कडे जातो तेव्हा फ्रीजमधलं पाणी घ्या, मैदाही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, यीस्ट ४ ग्रॅमवर आणा. पीठ ४० मिनिटांतच दुप्पट होऊ शकतं, म्हणून घड्याळ लावून दुपारी आडवं होऊ नका.

४. पाणी आणि मळणं

आपल्या हाताला पोळ्यांच्या कणकेची सवय असते. परातीला चिकटत नाही आणि गोळा गुळगुळीत झाला की हात थांबतो. पावाचं पीठ त्या टप्प्यावर फार घट्ट असतं. सुरुवातीची ५-६ मिनिटं ते चिकटलंच पाहिजे. चिकटतंय म्हणून वरून मैदा भुरभुरत गेलं तर मळून होईपर्यंत ४०-५० ग्रॅम जास्तीचा मैदा आत जातो आणि मोजलेलं पाणी निष्फळ ठरतं. घरच्या पावाच्या गच्चपणाची ही दुसरी मोठी बाजू आहे.

हाताला मैद्याऐवजी तेलाचा थेंब लावा. पीठ आणि पाणी नुसतं कालवून २० मिनिटं झाकून ठेवा, मग मीठ आणि लोणी घालून मळा. या विश्रांतीत मैदा पाणी पिऊन घेतो आणि ग्लूटेनचे धागे आपोआप जुळायला लागतात. मळण्याची मेहनत जवळजवळ तिसरा हिस्सा कमी होते. लोणी शेवटीच घाला. आधी घातलं तर मैद्याच्या कणांना तुपकट लेप बसतो आणि धागे उशिरा तयार होतात.

हाताने १२ ते १५ मिनिटं मळणं लागतं. झालं की नाही ते पाहायला लिंबाएवढा गोळा घेऊन बोटांवर सावकाश ताणा. पलीकडचा उजेड दिसेल असा पातळ पडदा झाला आणि फाटला नाही, तर थांबा. जाडसर राहून चटकन फाटला तर अजून ४-५ मिनिटं. नीट मळलेलं पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ लागतं.

इतकं करूनही पडदा येत नसेल तर मैद्याचं पाकीट बघा. १०० ग्रॅममागे प्रोटीन १०-११ ग्रॅम लिहिलेलं असेल तर पाव होतो. ९ च्या आसपास असेल तर तो मैदा शंकरपाळी, खारी-नानकटाईला चांगला. अशा मैद्यात ५०० ग्रॅममागे १० ते १५ ग्रॅम ग्लूटेन पावडर मिसळा आणि पाणी २० मिलि वाढवा. सुट्या मैद्यावर काही लिहिलेलं नसतं, म्हणून पावासाठी पाकीटबंद घेतलेला बरा. निम्मी कणीक घालून पाव करायचा असेल तर पाणी ३५०-३६० मिलिपर्यंत न्या. कोंडा पाणी जास्त पितो.

नळाचं, गंगापूर धरणाचं पाणी पावाला चालतं. बोअरच्या पाण्याचा क्षार भांड्यांवर पांढरा बसत असेल तर मात्र एकदा पिण्याच्या पाण्याने पाव करून फरक बघा.

५. किती फुगलं, हे घड्याळाला विचारू नका

परातीत किंवा गोल पातेल्यात "दुप्पट" डोळ्याने कळत नाही. कडा तिरक्या असल्यामुळे पीठ दीडपट झालं तरी दुप्पट वाटतं. सरळ उभ्या काचेचा पेला घ्या, मळलेल्या पिठातला मोठ्या लिंबाएवढा गोळा त्यात दाबून बसवा आणि पिठाच्या उंचीला रबरबँड लावा. पेला पिठाच्या पातेल्याशेजारीच, त्याच उबेत ठेवा. पेल्यात पीठ रबरबँडच्या दुप्पट उंचीला आलं की पातेल्यातलंही आलं. या पेल्याला खर्च नाही आणि तो कधी फसवत नाही.

दुसऱ्या फुगण्याला बोटाची चाचणी लागते. बोट मैद्यात बुडवून गोळ्यात अर्धा सेंटिमीटर दाबा. खड्डा लगेच भरून आला तर वेळ आहे. सावकाश, अर्धाच भरला तर लगेच ओव्हनमध्ये. भरलाच नाही आणि गोळा सुस्कारा सोडल्यासारखा बसायला लागला तर जास्त फुगलं. असं पीठ ओव्हनमध्ये घालून वाया घालवू नका. सगळे गोळे एकत्र करा, हवा काढा, पुन्हा वळा आणि थोड्या कमी वेळासाठी परत फुगवा. एकदा हे चालतं, दुसऱ्यांदा नाही, कारण तोपर्यंत यीस्टचं खाद्य संपत आलेलं असतं आणि पाव फिका, आंबट होतो.

२८-३० अंशांवर दुसरं फुगणं ४० ते ४५ मिनिटांचं. गार ओट्यावर दीड तास.

६. गोळे आणि टिन

गोळे सगळे ५५ ग्रॅमचे, काट्यावर तोलून. लहानमोठे झाले तर लहान वाळतात तोवर मोठे कच्चे राहतात. वळताना पिठाच्या कडा खाली ओढत नेऊन तळाशी चिमटा, म्हणजे वरचं आवरण ताणलं जातं. हा ताण नसेल तर गोळा वर न चढता आडवा पसरतो. ओट्यावर इथे मैदा टाकू नका, गोळ्याला घसरायला नको, जरा धरून फिरायला हवं.

१६ गोळ्यांना २३ सेंटिमीटरचं चौकोनी टिन, चार-चारच्या ओळी, मध्ये बोटभर अंतर. फुगल्यावर ते एकमेकांना टेकले पाहिजेत, तेव्हाच ते वर जातात आणि बाजू मऊ राहतात. मोठ्या ट्रेमध्ये लांब-लांब ठेवलेले गोळे चपटेच होणार, त्यात यीस्टचा दोष नाही. टिन ॲल्युमिनियमचं, ४-५ सेंटिमीटर उंच कडेचं घ्या. भांडी बाजारात तसं सहज मिळतं. स्टीलच्या ताटलीत तळ उशिरा तापतो आणि पाव खालून पांढरा राहतो.

७. आता ओव्हन

इथपर्यंत सगळं नीट असेल आणि तरी पाव पांढरा, ओला किंवा एकाच बाजूने भाजलेला येत असेल, तरच ओव्हनकडे वळा. आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर घ्या. बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत २०-३० अंशांची तफावत असणं लहान ओव्हनमध्ये नेहमीचंच आहे. १९० वर लावा, मधल्या जाळीवर थर्मामीटर ठेवा, २० मिनिटांनंतर दिवा लागेल-विझेल त्या प्रत्येक वेळी आकडा लिहा. तीन-चार फेऱ्यांची सरासरी हे तुमच्या ओव्हनचं खरं १९०. सरासरी १७० भरली तर बटण २१० वर ठेवा. दुरुस्ती लागत नाही.

दिवा पहिल्यांदा विझला की ओव्हन तापला, असं नसतं. तेव्हा फक्त हवा तापलेली असते. दार उघडलं की ती बाहेर जाते. भिंती आणि जाळी तापायला १५-२० मिनिटं द्यावीच लागतात, कारण पहिल्या ५-७ मिनिटांतच पाव उरलेली उसळी घेतो. त्या वेळेत उष्णता कमी पडली तर तो तिथेच थांबतो.

भाजणं १९०-२०० अंशांवर १८ ते २२ मिनिटं, दोन्ही रॉड चालू. टिन खालून दुसऱ्या खाचेत, म्हणजे माथा वरच्या रॉडपासून लांब राहतो. १२ मिनिटांत वरून लाल झाला तर फॉइल झाका, तापमान कमी करू नका. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर २०० वर तापवा आणि टिन आत गेल्यावर १८० करा, कारण पंख्याने साल लवकर वाळते. झालं की नाही ते रंगावरून नको. मधल्या पावात थर्मामीटर घाला, ९३ ते ९५ अंश आले की झाला.

बाहेर काढल्यावर ५ मिनिटांत पाव टिनातून काढून जाळीवर ठेवा. टिनात राहिला तर वाफ तळाला पाणी होऊन बसते आणि तो चिकट पट्टा तयार होतो, ज्याला लोक कच्चा पाव समजतात. वरून लोणी फिरवून सुती कापड झाका, साल मऊ पडते. गरम असताना फाडलेला पाव आतून चिकटच लागतो. अर्धा तास धीर धरा.

८. वीज, फक्त बाहेरून

संध्याकाळी पाव बिघडतो आणि दुपारी चांगला होतो, असं असेल तर व्होल्टेज बघायला हवं. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर उष्णता जवळजवळ चौथाई कमी. तपासणी सोपी आहे: रिकामा, गार ओव्हन १८० वर लावा आणि तेवढं तापमान यायला किती मिनिटं लागतात ते दुपारी तीनला आणि संध्याकाळी साडेसातला मोजा. दुपारी १२ आणि संध्याकाळी २० मिनिटं लागत असतील तर ओव्हन निर्दोष आहे.

ओव्हन १५००-२००० वॅटचा असतो. तो १६ ॲम्पियरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा. मिक्सरच्या लहान सॉकेटला किंवा एक्स्टेन्शन बोर्डाला लावल्यावर पिन तापते, प्लास्टिक मऊ पडतं, आणि पुढे ती आग असते. भाजणं झाल्यावर स्विच बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या प्लास्टिकला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको.

इथे थांबा

खालीलपैकी काहीही दिसलं तर स्विच बंद करा, प्लग काढा, आणि पुढचं काम तुमचं नाही.

ओव्हनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, किंवा ओव्हन लावला की घरचा ब्रेकर पडतो: आधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. ते ठीक निघालं तर ओव्हन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. रबरी चपला घालून वापरत राहणं हा उपाय नव्हे.

प्लग किंवा सॉकेट काळं पडलं, जळका वास आला: सॉकेट आणि मागची वायर दोन्ही इलेक्ट्रिशियनने बदलायला हवीत. नुसता नवा प्लग लावला तर दोष भिंतीत तसाच राहतो.

दोन्ही रॉड चालू असताना एक लाल होत नाही, दाराच्या काचेला बारीकसा तडा आहे, किंवा लावलेलं तापमान ओलांडूनही दिवा विझत नाही आणि थर्मामीटर २५० च्या पुढे चढतो: सर्व्हिस सेंटर. यातलं शेवटचं सर्वांत धोक्याचं, कारण थर्मोस्टॅट चिकटला की रॉड थांबत नाही. मागचा पत्रा उघडून थर्मोस्टॅट स्वतः बदलायचे व्हिडिओ पुष्कळ आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आतल्या वायरी उष्णता सोसणाऱ्या आवरणाच्या असतात, साधी वायर जोडली तर ती वितळते.

संध्याकाळी घरभर व्होल्टेज उतरत असेल, पंखे मंदावत असतील, तर वीज कंपनीकडे तक्रार नोंदवा. शेजारच्या घरात ठीक असून फक्त तुमच्याकडे असेल तर मीटरपासून घरापर्यंतची जोडणी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

आणि ५०-६० जणांची मिसळ पार्टी असेल तर पाव बेकरीतूनच मागवा. घरच्या ओव्हनमध्ये एका खेपेला १६ पाव निघतात. माणशी दोन धरले तर सात-आठ खेपा होतात, आणि शेवटच्या खेपेची पाळी येईपर्यंत तिचं पीठ जास्त फुगून बसतं. बेकरीला आदल्या दिवशी सांगा, आणि लादी अखंड द्यायला सांगा. सुटे केलेले पाव दुपारपर्यंत कडेने वाळतात.